लॅपटॉपातल्या दोन जावा

...आणि वर तो दुकानदार मला म्हणतो कसा, "ताई, तुम्ही कशाला काळजी करता, तुम्हाला काही करायचंच नाहीये. त्याचं तो ठरवतो." आता तुम्हीच सांगा, सगळं स्वतःच ठरवणारा एक माणूस माझ्या घरात आहे, दुसरा कारखान्यात आहे, मग तिसरा मी पिशवीत घालून कशाला आणायचा? पण आणला. डबा चकचकीत होता, दुकानदार गोड बोलत होता, आणि मला वाटलं, बरं आहे बाई, कुणीतरी ठरवतंय ना, आपल्या डोक्याचा भार कमी.

तुम्हाला सांगते, पहिल्यापासूनच सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई उगाच यंत्राला नावं ठेवते. आमचा सुतारकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, त्यात लाकूड कापायचं मशीन, दोन कारागीर, आमचे हे आणि माझे धाकटे दीर. कागदावर दोघे भाऊ मालक, पण बोलायचं काम भाऊजींकडे आणि न बोलायचं काम ह्यांच्याकडे, आणि दोघेही आपापल्या कामात तरबेज. माझ्याकडे घासकाम. पंधरा वर्षं पॉलिशपेपर घेऊन मी कपाटांचे दरवाजे घासलेत. भुसा केसांत, भुसा नाकात, भुसा चहात. मग खोकला धरला तो सुटेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाई, धूळ थांबवा." मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही धुळीला सांगा, माझं कोण ऐकतंय?

तर भाऊजींची मुलगी, माझी पुतणी, कॉम्प्युटर शिकलेली, तिने मला स्वयंपाकघरं काढायचं सॉफ्टवेअर शिकवलं. मी अकरावीपर्यंत शिकलेली, माउस उलटा धरायचे, पण चार महिन्यांत शिकले. भिंत काढायची, ओटा काढायचा, ट्रॉल्या बसवायच्या, आणि मग बटण दाबलं की आपण त्या स्वयंपाकघरातून चालत फिरतोय असं दिसतं. भाऊजींनी काचेच्या पार्टिशनच्या आत, खिडकीपाशी मला एक खुर्ची दिली. दिली म्हणजे उसनी दिली. म्हणाले, "वहिनी, पहिलं मोठं गिऱ्हाईक ह्या चित्रावर हो म्हणालं तर खुर्ची तुमची. नाहीतर मी आणि माझी पेन्सिल पुरेशी आहे, घासायला माणूस कमीच आहे." पेन्सिल म्हणजे ती, जी ते कानावर ठेवतात आणि मग दिवसभर शोधतात.

म्हणजे बघा, माझा खोकला, माझी खुर्ची, सगळं त्या लॅपटॉपवर. आणि त्याचं तो ठरवतो.

काय ठरवतो, ते मला पुतणीने समजावलं. "काकू, ह्याच्यात चित्र दाखवणाऱ्या चिप दोन आहेत. एक बारकी, एक दणकट. बारकी कमी वीज खाते, गरम होत नाही, आवाज करत नाही. दणकट भराभर चित्रं काढते, पण तिला वीज खूप लागते, तापते, मग पंखा घरघरतो. म्हणून साध्या कामाला बारकी आणि मोठं काम आलं की दणकट उठते."

मी म्हटलं, "म्हणजे दोन जावा."

"काकू..."

"अगं बरोबर आहे की. एक गप्प राबते आणि अर्ध्या भाकरीवर भागवते, दुसरी जोरदार काम करते पण भांडी आपटते. पण आता कुणाची पाळी, हे सांगतं कोण?"

"कुणी नाही. आपोआप. त्याचं तो ठरवतो."

म्हणजे सासूसुद्धा आत बसवूनच दिलीये! कंपनीने काही म्हणता काही कमी ठेवलं नाही.

आता खरं बोलायचं तर पहिले आठ दिवस मी त्याचं कौतुकच करत होते. मापं लिहायची, पत्रं लिहायची, तर बॅटरी सकाळी भरली की संध्याकाळपर्यंत पुरायची. मांडीवर घेतलं तरी गार. आवाज नाही. आधीचा जुना लॅपटॉप आठवतो ना, त्याच्यावर नुसतं नाव टाइप केलं तरी विमान उडाल्यासारखा वाजायचा. आणि हा बघा, शहाणा, मोठी जाऊ झोपलेली, धाकटी गुपचूप काम करतेय. मला वाटलं, असं घर सगळ्यांना मिळो.

मग नवव्या दिवशी मी स्वयंपाकघर उघडलं आणि फिरायला गेले, तर फिरता येईना. एक पाऊल टाकलं की चित्र अडकायचं, मग एकदम सिंकच्या आत. मी वाट बघितली, चहा पिऊन आले, तरी मी सिंकमध्येच. धाकटी जाऊ बिचारी घाम गाळत होती आणि मोठी घोरत होती. आणि त्याच दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाऊजी आले, माझ्या खुर्चीत बसले, पत्त्यांचा खेळ लावला, आणि पंखा जो काही घरघरला! पत्ते हवेत उडतायत, पत्त्यांच्या सावल्या पडतायत, चौकटच्या राणीच्या गळ्यातला हार चमकतोय. म्हणजे पत्त्यांना मोठी जाऊ आणि माझ्या ओट्याला धाकटी?

पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, त्याच्याकडे आत एक यादी असते. त्या यादीत जे मोठं काम म्हणून लिहिलंय, त्यालाच तो दणकट चिप देतो. खेळांची नावं यादीत असतात. तुमचं सॉफ्टवेअर त्यात नसेल."

पंधरा वर्षं मी ज्या घरात दरवाजे घासले तिथे माझं काम मोठ्या कामांच्या यादीत नव्हतं, ते मी समजू शकते, माणसं आहेत, चुकतात. पण हा डबा तर मला ओळखतसुद्धा नव्हता! त्याला कुणी सांगितलं?

तर पुतणी आली, सेटिंगमध्ये गेली, आमच्या सॉफ्टवेअरपुढे खूण केली, ह्याला कायम दणकट. आणि खरंच, काय सांगू, स्वयंपाकघर लोण्यासारखं फिरायला लागलं. पंखा ओरडायचा, खालून ऊब यायची, पण मी टेबलावर चार्जर लावून बसायचे, मला काय. मी म्हटलं, झालं, सासूला वळण लावलं.

आता आलं मोठं गिऱ्हाईक. पोस्टातल्या बाई. नवीन घर, मोठं स्वयंपाकघर, शिवाय त्यांच्या तीन मैत्रिणी त्यांच्यामागे रांगेत, की हिचं चांगलं झालं तर आम्हीपण. भाऊजी स्वतः बरोबर आले, इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल. घरात पोस्टातल्या बाई आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाई खुर्चीत, हातात काठी, चेहऱ्यावर असा भाव की दाखवा काय दाखवायचंय ते. मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. भिंतीतला प्लग लांब, वायर पुरेना, मी म्हटलं जाऊ दे, बॅटरी भरलेली आहे.

तिथे चुकले. कारण ती खूण केल्यापासून मी तो कधी चार्जर काढून चालवलाच नव्हता, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं की बॅटरीवर असला की तो सेटिंग, खूण, पुतणी, कुणालाही जुमानत नाही. वीज वाचवायची म्हणून मोठीला सरळ झोपवतो. त्याचं तो ठरवतो.

बटण दाबलं. भिंत आली. नुसती भिंत. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मग जमीन आली. मग नळ आला, हवेत, सिंक नाही, नुसता नळ.

सासूबाई म्हणाल्या, "नळ छान आहे. पाणी कुठे पडणार?"

पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "आई, येतंय ते. लोड होतंय."

भाऊजी हळूच माझ्या कानाशी, "वहिनी, वीस मिनिटांत मी पेन्सिलीने दोन स्वयंपाकघरं काढली असती."

मला तर समोर पॉलिशपेपर दिसायला लागला. आता रडून उपयोग नाही म्हणून मी बोलत सुटले. म्हटलं, "आता हे बघा, ओटा येतोय. खिडकीच्या खाली घेतलाय, उजेड पडावा म्हणून. येतोय... येतोय... हा आला." आणि माणूस वाट बघतो तेव्हा काय करतो? बघत बसतो. सासूबाई बघत बसल्या. काठी वर करून म्हणाल्या, "थांब. ह्याला जरा इथेच थांबव."

मी काय थांबवणार, तो थांबलेलाच होता.

"शेगडी ह्या कोपऱ्यात? मग मी ओट्याशी उभी राहिले की दाराकडे माझी पाठ. कोण आलं, कोण गेलं, मला कसं कळणार?"

पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "आई, तुम्ही हे कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

मी पटकन शेगडी दुसरीकडे सरकवली. ती सरकायला पुन्हा पाच मिनिटं. तेवढ्यात वरची कपाटं यायला लागली, एकेक, आणि म्हातारी उठली, भिंतीपाशी गेली, हात वर केला. हात तिथपर्यंत पोचेना, वीतभर कमी पडला. मी टेप काढला आणि मापं घेतली. मी म्हटलं, "आजी, ही कपाटं खाली घेऊ या." तर सूनबाई म्हणाल्या, मग माझं डोकं आपटेल. मग दोघींची मापं घेतली. मग डब्यांवरून वाद, मग पिठाचा डबा कुणाच्या हाताशी, मग दोघी हसायला लागल्या, आणि भाऊजी कानावरची पेन्सिल काढून माझ्या सांगण्याप्रमाणे आकडे लिहून घेत होते, तुम्हाला सांगते, माझ्या सांगण्याप्रमाणे. दीड तास गेला. धाकटी जाऊ हळूहळू एकेक ट्रॉली आणून ठेवत होती आणि कुणाला घाई नव्हती.

मग बॅटरी संपत आली आणि पोस्टातल्या बाईंनी जोडवायर आणली. चार्जर लावला, पडदा क्षणभर काळा झाला, पंखा घरघरला, मोठी उठली. आणि ते स्वयंपाकघर जे फिरलं! ओट्यावरून दारात, दारातून छतावर, मी माउस नुसता धरला होता हो. सासूबाईंनी डोळे मिटून टेबल धरलं. "बंद कर बाई, मला गरगरतंय. मघाचंच बरं होतं."

सासूबाई हो म्हणाल्या. मग सूनबाईही हो म्हणाल्या. बाहेर आल्यावर भाऊजींनी पेन्सिल कानावर न ठेवता माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "वहिनी, खुर्ची तुमची."

मी पुतणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "काकू, बॅटरीवरसुद्धा दणकट चिप चालेल असं करून देते, अर्ध्या मिनिटाचं काम." भाऊजी लगेच, "खबरदार, हात लावशील तर. त्या तीन मैत्रिणींनी मुद्दाम सांगितलंय, त्या पोस्टातल्या बाईंकडे दाखवलं तसं सावकाशच दाखवा, आमच्याही सासूबाईंना बोलायचंय." तिघींची स्वयंपाकघरं झाली, त्यांच्या ओळखीतल्या आल्या, त्यांच्या शेजारच्या आल्या. प्रत्येक घरी दोन दोन तास. प्रत्येकीचा हात कुठपर्यंत पोचतो ते मोजायचं, प्रत्येकीचं ऐकून घ्यायचं. खोकला गेला, ते मात्र खरं.

खुर्ची आहे हो अजून, खिडकीपाशी, माझ्याच नावाची. परवा सहज बघायला गेले. तिच्यावर आमचे हे बसले होते, चहा पीत. मी म्हटलं, "उठा, मला बसायचंय." तर एरवी तोंड न उघडणारा माणूस म्हणाला, "कशाला? तू कुठे असतेस इथे?"