अनुमोदक

—नाही नाही, कर ना गं हात वर! मी कुठे अडवतेय? आसावरीबाई पुण्याहून ब्रिस्टलला आल्या, अजून बॅगा नीट रिकाम्या झाल्या नाहीत तोवर आमची संघटना सुधारायला निघाल्या — आनंद आहे. मला फक्त समजून घेऊ दे हं, या सुनेत्रामावशीचं वय झालंय आता. वर हॉलमध्ये आमच्यातली एला ठराव मांडणार, की आमच्या पुढाऱ्याने, डेल्रॉयने, तिला भर सभेत ‘कौन्सिलची खबरी’ म्हटलं, ते त्याने भर सभेतच मागे घ्यावं आणि तिची माफी मागावी. बरोबर? आणि आमचा नियम असा, की ठराव एकाने मांडायचा नि दुसऱ्याने सेकंड करायचा. दुसरा हात नसेल तर ठराव तिथेच खलास, चर्चासुद्धा नाही. आणि एवढ्या भरल्या हॉलमध्ये तो दुसरा हात कोणाचा — तर तुझा! वा! वर्क व्हिसावरच्या मुलीचा!

आणि एलाने असं केलं काय होतं? प्रश्न विचारला होता. मोर्च्याच्या दिवशी स्टेजवर सगळे पुरुषच का म्हणे. अगं, विचारायचं असतं का असं? डेल्रॉय कोण आहे तुला ठाऊक तरी आहे का? पोलिसांनी त्याचे पुढचे दात पाडले होते, आणि दुसऱ्या दिवशी हा त्याच पोलीस स्टेशनसमोर बोर्ड घेऊन उभा. माझ्या मिलिंदला शाळेतून काढत होते — त्याची चूक काय, तर शिवी देणाऱ्याला त्याने ढकललं — तेव्हा हेडसमोर माझ्या शेजारी येऊन कोण बसलं? मराठी मंडळ? मंडळ गणपतीच्या मोदकांत बिझी होतं. हा आला. इस्त्रीचा कोट घालून आला. तेव्हा कोणी विचारलं नाही, तुम्ही जमैकाचे की नागपूरचे — गोरे नाही ना, मग ब्लॅक, मग आपले, संपलं. मिलिंद आज इंजिनिअर आहे तो त्याच्यामुळे. हो, कळलं, म्हणून काय त्याने कोणालाही खबरी म्हणावं? — हेच ना? म्हण की!

तशी तिने रीतसर तक्रारही केली होती हं. तक्रार गेली तक्रार समितीकडे. समितीचा अध्यक्ष कोण? डेल्रॉय. त्याने सगळ्या बाजूंनी फार गंभीरपणे विचार केला आणि स्वतःला निर्दोष सोडलं. आणि मोर्चा कशासाठी आहे, सांग? माफीसाठी! या शहराने, म्हणजे कौन्सिलने, गुलामांच्या व्यापाराबद्दल माफी मागावी, सरळ शब्दांत, किंतु-परंतु न करता. बॅनर मीच रंगवलाय, चादरीएवढा. पण मागच्या महिन्यातली एका पोरीची माफी — छे, छे, त्याने चळवळीचं नुकसान होतं! दोनशे वर्षं थांब म्हणावं एलाला. मग तिच्यासाठीही काढू की मोर्चा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. पेपरवाले टपलेत, कौन्सिलमधले काहीजण तर पेढे वाटतील — आणि हे खोटं नाही गं, ते खरंच टपलेत, तीच तर पंचाईत आहे. मी चळवळीच्या घरातली आहे. माझे बाबा निळा झेंडा खांद्यावर घेऊन चालले आयुष्यभर. आमच्याकडे इतके गट पडले होते, की लग्नाच्या पंगतीत कोणाला कोणाशेजारी बसवायचं यावरून आईचं डोकं दुखायचं. फाटाफूट काय असते ते मला नको सांगूस. पण माणसं प्रश्न विचारल्यामुळे फुटायची नाहीत हं. विचारणाऱ्याला ‘हा विकला गेला’ म्हणायचे ना, त्यानंतर फुटायची — अगं माय, हे मी तुला कशाला सांगतेय? मी तुला थांबवायला आलेय.

म्हणजे आलेय असं नाही. डेल्रॉय म्हणाला, ‘सिस्टर, तू तिच्याशी तुमच्या भाषेत बोल.’ आता सिस्टर म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? आणि स्टेजचं म्हणशील तर तो प्रश्न सुटला. पोस्टर बदललं. आहे आता एक बाई. — कोण म्हणजे? मी. हसायला काय झालं? इतकी वर्षं बॅनर रंगवले, माइक दुसऱ्यांच्या उंचीला लावून दिले, मलाही वाटतं गं एकदा बोलावं. भाषण लिहून तयार आहे. वाचलं त्याने, दोन ओळी तेवढ्या काढल्या. कोणत्या ते नको विचारू. थोडक्यात काय, प्रश्न एलाने विचारला, जागा मला मिळाली आणि खबरी ती ठरली. झकास न्याय आहे आमचा.

मागच्या सभेत तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर तिने कोट ठेवला होता, दुसरीवर बॅग — कोणीतरी यायचंय असं वाटावं म्हणून. मी चार रांगा मागे होते, तिथून अगदी नीट दिसत होतं. वाईट वाटलं गं मला, फार वाईट वाटलं. पोरगी सभा संपेपर्यंत दाराकडे बघत होती.

ऐक, सुरू झालं वर. जायचं तर जा, उशीर झाला तर डेल्रॉय ठराव तसाच गुंडाळून टाकेल, पक्का आहे तो. मी डेल्रॉयला सांगेन, समजावलं, पण ऐकत नाही, पुण्याची आहे. फक्त एक कर. हात वर करशील तेव्हा मागे वळून माझ्याकडे बघू नकोस. का म्हणजे? सगळे बघतील मग, तू कोणाकडे बघतेयस ते. आणि मला — नाही, काही नाही. सरळ समोर बघायचं. जा गं. जा म्हटलं ना!