आठ रंगांचं मशीन

(हडपसर, २००३. लेबलं छापणाऱ्या छोट्या कारखान्याचे मालक भीमराव घराची कागदपत्रं काखेत मारून बँकेत निघालेत. तिथं एक सही केली की आठ रंगांचं नवं मशीन येणार. गेली वीस वर्षं जुनं मशीन चालवणारे चांदभाई दारात आडवे उभे आहेत.)

चांद : थांबा म्हणतोय ना. पाच मिनिटं.

भीमराव : बँकेचे साहेब अकराला भेटतात. बोला लवकर.

चांद : ते मशीन घेऊ नका.

भीमराव : वा! दिल्लीच्या प्रदर्शनात दोन दिवस त्याच्याभोवती फिरत होतात, तेव्हा नाही सुचलं?

चांद : बघायला झकासच हाय. पण आपल्याकडं कामं कसली? कुणाची पाच हजार लेबलं, कुणाची सात. रंग जुळेस्तोवर ते मशीन तेवढा कागद खाऊन बसंल. त्याला दिवसचे दिवस एकच काम लागतं. कुठनं आणणार?

भीमराव : औषधकंपनी देणार आहे.

चांद : लिहून दिलंय?

भीमराव : तोंडी.

चांद : आणि तुम्ही घर लिहून देताय.

भीमराव : मग काय करू? खोकल्याच्या औषधाची लेबलं तीनदा परत आली. त्यांना हिरवा हवा होता, आपण निळसर पाठवला. ते म्हणतात, मशीन बदला, नाहीतर काम वापीच्या छापखान्याला देतो. निम्मा कारखाना त्यांच्यावर चालतो, चांदभाई.

चांद : मशीनला काय बी झालेलं न्हाई.

भीमराव : जुनं झालंय.

चांद : जुनं झालंय, बिघडलेलं न्हाई. बिघडलोय मी. साखरेनं डोळ्याचा पडदा खराब केलाय. निळा कुठं संपतो न् हिरवा कुठं लागतो, मला कळत न्हाई. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येत नसतं. सहा महिने झाले. लपवलं मी. ती तिन्ही कामं माझ्यामुळं गेली.

भीमराव : बसा.

चांद : बसत न्हाई. शिव्या द्या.

भीमराव : मला माहीत होतं.

चांद : काय?

भीमराव : दिवाळीत शाईचे डबे आवरले ना मी. निळ्याच्या कडीला दोऱ्याची एक गाठ, हिरव्याच्या कडीला दोन. ज्याला रंग दिसतो तो डब्याला गाठी कशाला मारेल?

चांद : आणि गप बसलात!

भीमराव : काय बोलणार होतो? माझं आडनाव ऐकून कुणी जागा देईना, तेव्हा तुमच्या मामांच्या हातापाया पडून हे पत्र्याचं शेड मिळवून दिलंत. सरकारी छापखान्यातली पक्की नोकरी सोडून माझ्यामागं आलात. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? तोंडून निघून गेलं, मशीनची. मग ते म्हणाले, बदला मशीन.

चांद : अहो, पण म्हणून लगेच घर गहाण?

भीमराव : त्या मशीनसोबत रंग मोजणारं यंत्र येतं. डोळ्यांचं कामच नाही. तुम्ही बटण दाबायचं. म्हटलं, तुमची राहिलेली वर्षं निभतील.

चांद : वहिनींना सांगितलंत हे?

भीमराव : प्रेमलालाही मशीनच जुनं झालंय म्हणून सांगितलं.

चांद : मला नुसतं कामावर ठेवायला आठ रंगांचं मशीन! असा कधी धंदा असतो का, भीमराव? माझ्या बायकोला, सलीमाला कळलं तर ती मला घरात घ्यायची न्हाई. लाज वाटते हो मला.

भीमराव : मशीन नाही घेतलं, तर रंग कोण बघणार?

चांद : नंदा. तपासणीच्या टेबलावर बसते ती. महिनाभर तिला शेजारी उभी करतोय. परवाचं जॅमच्या बाटलीचं काम परत आलं का? तिनं जुळवलं ते. मी नुसती शाई ढवळत होतो.

भीमराव : आणि तुम्ही?

चांद : मी घरी. इथं राहिलो तर ती स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायची न्हाई, दरवेळी माझ्या तोंडाकडं बघंल. बँकेत जाऊ नका. कंपनीला पत्र लिहा.

भीमराव : काय लिहू?

चांद : खरं ते. मशीन चांगलं हाय. रंग बघणारा माणूस चुकत होता. त्याला काढून टाकला.

भीमराव : काढून टाकला, हे मी लिहिणार नाही.

चांद : मग काय, हार घालून निरोप दिला म्हणून लिहिणार? त्यांना कौतुक नकोय. पुढचं काम चुकणार न्हाई, एवढं त्यांना पटलं पाहिजे.

भीमराव : माझा हात चालत नाही, चांदभाई. खरंच चालत नाही.

चांद : आणा एक कोरा कागद इकडं. मीच लिहितो.

भीमराव : ओळ दिसेल?

चांद : न्हाई दिसत. कुठनं सुरू करायचं, तिथं बोट ठेवा तुम्ही.

भीमराव : इथून.