मेंढरं बसवल्याची माफी

माजं नाव सुभद्रा. माहेर निर्ण्याकडलं, आमी धनगर. आप्पाची मेंढरं होती, शंभराच्या वर, आन् मी चालायला लागले तवापासून मेंढरामागंच, शाळा तिसरीपस्तोर, तीबी अर्धी. पण ताई, मला जमीन कळते, हे मी तुमाला छाती ठोकून सांगते. कुठलं रान किती खत पचवतंय, गवत किती खाल्लं की कळप हलवायचा मंजी पुढल्या साली ते परत फुटंल, हे सगळं आप्पानं चालता चालता दाखवलं. पाटी न्हाई, पेन्सिल न्हाई, परीक्षा तर न्हाईच.

आन् मेंढरं बसवणं मंजी काय, तुमाला मालूम नसंल मनून सांगते. मूग-उडीद निघाला की शेतकरी धनगराला बोलावतंय, दोन-तीन रात्री कळप तेच्या रानात बसतंय, लेंड्या पडतेत, मूत मुरतंय, आन् निघताना त्या घरातून धनगराच्या पदरात धान्य पडतंय. रिकाम्या हातानं धाडायचं न्हाई. आन् धान्य त्याच घरचं पायजे, ज्याचं रान तेचं धान्य, दुसऱ्याच्या घरचं दिलं तर ते खत रानाला लागत न्हाई, आसं आमच्यात मानतेत. तुमी हसा, पण मानतेत.

लगीन होऊन हिकडं आले, मालक हुमनाबादला कारखान्यात हमालीला जातेत, आन् मी अकरा वर्सं झाली शाळंत सैपाक करते. लेकरं मला अक्का मनतेत. सैपाकखोलीच्या मागं शाळंची पट्टी हाय, लाल मुरमाड, तिथं परसबाग करा मनून वरून कागद आल्ता. हेडमास्तरांनी भिंतीवर लै मोठ्या अक्षरात लिवून घेतलं, शाश्वत विकास, हिरवी झाडं, निळी नदी. आमच्याकडं नदी कुठंय, पण काढली. लेकरांनी ते पाठ केलं, धडाधडा मनतेत, आन् भिंतीच्या खाली मेथी बोटभर वाढून पिवळी. मी मनले गुरुजी, जमिनीत जीव न्हाई, भिंतीला रंग देऊन मेथी येत न्हाई. मनले, अक्का तुमी भाताचं बगा.

मंग दसऱ्याच्या सुट्टीत माजा भाऊ बिरप्पा कळप घेऊन ह्याच वाटंनं चालला होता. मी हेडमास्तरांना फोन केला, मनले, पट्टीत खत टाकून घेऊ का. ते मनले, टाका टाका, मला कशाला इचारता. मी कशाचं खत ते सांगितलं न्हाई, तेंनी इचारलं न्हाई. बिरप्पाला मनले, अण्णा, दोन रात्री बस. बसला. तिसऱ्या सकाळी निघायला लागला, आन् आता काय सांगू तुमाला, हितंच माजं चुकलं. घरी माज्या जवारी होती, मला देता आली आसती. पण रान शाळंचं, मंग धान्य शाळंचंच पायजे ना. मी कोठीतला दोन शेर तांदूळ काढला आन् भावाच्या पदरात घातला, दिवसाढवळ्या, दार सताड उघडं टाकून. चोर आसं करतंय का, तुमीच सांगा.

सुट्टी संपून हेडमास्तर आले, तोवर कुणीतरी कान भरले होते. नाकाला रुमाल लावून पट्टीकडं बगितलं, मनले, शाळा हाय का मेंढवाडा. आन् तांदूळ कुठं गेला. मी सगळं सांगितलं, रानाचं, पदराचं, माजं चुकलं मनले, घरचा तांदूळ आणून भरते मनले, आन् भरलाबी. पण तेंनी कागद लिवला, मी शाळेचा तांदूळ चोरला, माफी मागते. सही कर न्हाईतर काम सोड. मालकाची पाठ तवा धरली होती, घरात माजीच कमाई. केली सही. माज्या हातानं मला चोर लिवून दिलं.

आन् पुढं आयका. ती पट्टी पौषात आशी फुलली ताई, मेथी, पालक, वांगी, लेकरांच्या आमटीत रोज भाजी. वरचे साहेब आले, हेडमास्तर तेंना हात धरून पट्टीत घेऊन गेले, ज्या पट्टीत नाक दाबलं होतं त्याच. इनाम मिळालं. भाषणात मनले, आमच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकातून शिकून हा सेंद्रिय प्रकल्प केला. मी मागं भांडी घासायले. एका लेकरालाबी ठावं न्हाई ते खत आलं कुठून, सुट्टी होती ना. मंग लेकरं शिकली काय? भाषण शिकली. लेंडी हाताला लागली मंजी घाण, आन् तेचाच फोटो काढला मंजी प्रकल्प, हे शिकली.

तो इनामाचा कागद आन् माजा चोरीचा कागद हेडमास्तरांच्या एकाच कपाटात हाय.

एक नवीन टीचरबाई आल्यात, चांगल्या हायत. मनल्या, अक्का, सातवीच्या वर्गात एक तास या, मेंढरं बसवायचं लेकरांना सांगा. मला रडायला आलं, खरं सांगते, अर्ध्या तिसरीतून सुटलेल्या बाईला वर्गात बोलावतेत. पण मी मनले, येईन, आधी तो कागद माज्या म्होरं फाडा. चोरानं लेकरांना काय शिकवावं. त्या गेल्या इचारायला, हेडमास्तर मनले, ते रेकॉर्ड हाय, फाडता येत न्हाई.

यंदाच्या दसऱ्याला बिरप्पा शाळंला वळसा घालून गेला. मी आडवी गेले, मनले, अण्णा, लेकरांच्या ताटाचा तरी इचार कर. मनला, पदरात घातलेलं धान्य ज्या घरानं चोरी ठरवलं, तेच्या रानात माजं मेंढरू बसायचं न्हाई. तेचंबी काय चुकलं. पट्टी परत पिवळी पडायली, हेडमास्तरांनी दुकानातून खताचं पोतं आणून ठिवलंय, आन् वर भिंतीवर ती निळी नदी.

पोरी हात धुताना इचारायलीत, अक्का, यंदा आमटीत भाजी कामून न्हाई. मी मनते, गुरुजींना इचारा. जात न्हाईत. भ्यायला तेवढं चांगलं शिकवलंय.

आता मी काय करू ताई, भात करते. माज्या हातचं खाऊन लेकरं मोठी होऊ द्यात, लै शिकू द्यात, माजा राग तेंच्यावर न्हाई. तेंच्यातली एखादी पोरगी ह्याच शाळंत हेडमास्तरीण मनून यावी आन् तिनं ते कपाट उघडावं. माजा कागद तिनं फाडू नये. वर्गात उभं राहून मोठ्यानं वाचावा, आन् तेच्या खाली खरं काय झालं ते तिच्या हातानं लिवावं.