रंगुबाईंनी निवडलेली करवत

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "मास्तर, करवत कशाला हवी?" आता करवत कशाला हवी असते माणसाला? भांग पाडायला? अहो, लाकूड कापायला! मोरीला दार करायचं, त्याच्या फळ्या कापायच्या. सरळ कापायचं होतं हो, एवढंच!

तुम्हाला सांगतो, एकाहत्तरच्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या सुमेधाला बघायला गुरुवारी संगमनेरची मंडळी येणार, आणि आमच्या सोनईच्या घरात मोरीला दार नाही, गोणपाट! सतरा वर्षं गोणपाट! कुणाचं काही अडलं नाही, बाहेरून खाकरायचं, आतून खाकरलं तर माघारी फिरायचं... पण त्या दिवशी पोरगी समोर उभी राहिली नि म्हणाली, "बाबा, मुलाची आई हातपाय धुवायला आत जाणार, आणि वाऱ्यानं ते गोणपाट उडालं तर?" डोळ्यांत पाणी होतं हो तिच्या. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेले. मी भूगोल शिकवणारा माणूस, हातात खडूशिवाय काही धरलेलं नाही, तरी म्हटलं, दार करू! सासऱ्यांनी दिलेल्या सागाच्या चार फळ्या माळ्यावर पडल्याच होत्या.

पण करणार कोण? गावच्या सुताराचं नाव श्रीमंत, तो सगळी हत्यारं गाठोड्यात बांधून कारखान्यावर गेलेला, उसाच्या गाड्या दुरुस्त करायला. हंगाम तोंडावर! म्हटलं, मीच कापतो. तर माझी बायको प्रेमला काय म्हणते? "अहो, तुम्हाला थाळीतली वडी सरळ कापता येत नाही." आता वडी वेगळी, साग वेगळा! वडी हातात भुगा होते, त्याला मी काय करू? निघालो तडक, शनिवारी सकाळची एसटी धरून नगरला.

दुकानदारानं पाच करवती मांडल्या. एक एवढी लांब, की एसटीत तिचं वेगळं तिकीट काढावं लागलं असतं. एकीचे दात बघूनच मला माझी दाढ आठवली. मग त्यानं एक पुस्तक उघडून चित्र दाखवलं, "विजेची करवत, मास्तर! मुंबईहून मागवतो. हातात धरा, बटण दाबा, सरळ!" म्हटलं, आमच्याकडे वीज येते पाहुण्यासारखी, चहा पिऊन जाते. मग मला आवडली एक छोटी, पिशवीत मावणारी, पाठीला पितळेची पट्टी, काय चमकत होती! मुलाकडच्यांसमोर खुंटीला लावली तर घराला शोभा आली असती. म्हटलं, बांधा ही.

"ती नका घेऊ, मास्तर."

मागं वळून बघतो तर रंगुबाई! आमच्या श्रीमंतची बायको. नवऱ्यानं करवतीचे दात घासायची कानस आणायला पाठवलेली. डोक्यावर पदर, हातात कानस, आणि नजर त्या पितळेवर, अशी, की जणू मी वर्गात नापास झालोय. "ती पितळाची पट्टी हाय ना, ती फळीत अडकंल. अर्ध्यात जाऊन बसंल तुमची करवत. लहान कामाची हाय ती. दार करायचं ना तुमाला?"

दुकानदार हसला. "बाई, भांड्यांचं दुकान पलीकडे आहे."

तुम्हाला सांगतो, त्या बाईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही! पाचातली मधली करवत उचलली, टोक धरून वाकवली, वाकवली... म्हटलं आता मोडते नि भरपाई माझ्या गळ्यात... आणि सोडली! टण्णऽऽऽ! असा आवाज, की शाळेची घंटा लाजली असती. पुन्हा सरळच्या सरळ. "पोलाद चांगलं हाय," म्हणाल्या. मग एक डोळा मिटून दारातल्या उजेडाकडे धरली, दातांवरून नजर फिरवली. एक दात डावीकडं, एक उजवीकडं, ओळीनं आहेत का बघितलं. म्हटलं, "रंगुबाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" तर म्हणतात, "कोन शिकीवतंय? तीस वरीस मोठ्या करवतीचं दुसरं टोक मीच वढतीया." तीस वर्षं! आणि गावात आम्ही म्हणतो, श्रीमंत सुतार काय सरळ कापतो!

मग त्यांनी दुकानदाराकडून खोक्याची एक फळी मागून घेतली, तिथंच कापली. कड अशी गुळगुळीत, की दुकानदारानं त्यावर बोट फिरवलं नि मुकाट्यानं कागद फाडायला घेतला बांधायला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

घरी आल्यावर थांबायचं की नाही मी? रंगुबाई म्हणाल्या होत्या, "उद्याच्याला सकाळी येते, तवर हात लावू नका." पण नवी करवत, पिशवीत! तुम्ही थांबला असता? शाळेची पट्टी घेतली, रेघ मारली, आणि बरोबर रेघेवर चालवली. सरळ कापायचं होतं हो, एवढंच! करवत आपली रेघ सोडून निघाली नेवाशाच्या रस्त्यानं. कापून झाल्यावर बघतो तर एक फळी चांगली चार बोटं आखूड.

प्रेमलानं वडीची थाळी आणून त्या फळीशेजारी ठेवली. सुमेधा मात्र फळीकडं बघून आत निघून गेली, आणि मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की काय सांगू.

सकाळी रंगुबाई आल्या. फळी बघितली, मग मला बघितलं. "रेघ खाल्लीत तुमी, मास्तर. रेघ खायची न्हाई, राखायची असती. करवत रेघंच्या भायेरून चालवायची." नि मग स्वतः बसल्या. आधी सुरीनं रेघ कोरली, म्हणजे कड फाटत नाही. एक पाय फळीवर, पहिलं बोट करवतीच्या अंगाला सरळ ठेवलेलं, नजर रेघेवर, करवतीवर नाहीच! घाई नाही, जोर नाही. मी फळी धरून बसलो होतो, डोळ्यांत भुसा जात होता, पण पापणी मिटवत नव्हतो. अहो, वीस वर्षं मी फळ्यावर भारताचा नकाशा काढतोय, तरी अशी एक रेघ माझ्या हातून आलेली नाही!

"रंगुबाई, ह्या आखूड फळीचं काय?"

"काय न्हाई. बाकीच्या तिन्ही हिच्याएवढ्याच कापते नि खाली उंबरा चार बोटं वाढीवते. दगडाचा घालू."

बुधवारी संध्याकाळी दार उभं राहिलं. सुमेधानं दहा वेळा उघडलं, दहा वेळा लावलं, आणि हसली! मी पडवीत जाऊन उगीच खांब पुसत बसलो.

गुरुवारी मंडळी आली. मुलाची आई मोरीत गेली, आणि बाहेर आली ती दारावर हात फिरवतच. "अहो मास्तर, काय सुंदर दार आहे हो! कुणी केलं?"

मी म्हटलं, "आमच्या रंगुबाईंनी." सरळ सांगितलं!

सगळे हसले. "बघा! स्वतः केलं तरी नाव दुसऱ्याचं घेतात!" म्हटलं, नाही हो, खरंच, श्रीमंत सुताराची बायको... तर मुलाचे वडील म्हणतात, "असा विनय आजकाल राहिला नाही." तीनदा सांगितलं, तुम्हाला सांगतो, तीनदा! जितकं खरं बोलावं तितका मी थोर होत गेलो. आणि मुलाची आई म्हणते, "पण ह्यात मला काय आवडलं सांगू? तो उंबरा! मोरीचं पाणी घरात येत नाही. किती विचार केलाय!"

आता तो उंबरा... तो मात्र माझा होता, हो.

लग्न ठरलं! पंधरा दिवसांत व्याह्यांचं पत्र आलं. सगळं ठीक, फक्त एक विनंती: त्यांच्या वाड्यात चार मोऱ्या आहेत, चारींना दारं नाहीत, तर मास्तरांनी नाताळच्या सुट्टीत करवत घेऊन यावं, आणि उंबरे तसेच पाहिजेत. मी पत्र घेऊन पळत रंगुबाईंकडे गेलो. म्हटलं, माझी अब्रू तुमच्या हातात, चला.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं नि म्हणाल्या, "येते की. मी सरळ कापते. पन पैली फळी तुमीच कापायची, मास्तर... न्हाईतर उंबरा किती वाढवायचा, ते मला कसं कळायचं?"