झोळीची घोडी

एलादिया : “खाली काय बसलीस गं, वर ये, जमीन गार आहे.” लग्न होऊन आले त्या दिवशी तुमच्या आईनं अशी हाक मारली होती. निजायच्या झोळीच्या आतून. तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज.

सेबेरो : आणि तू लाजून तशीच बसून राहिलीस. पाना दे इकडं. तो नव्हे, लहान.

एलादिया : घ्या. सकाळपासून ठोकताय. टॉर्टिया गार झाल्या.

सेबेरो : खाईन. आधी या घोडीवरच्या झोळीत बसून बघ. हळू.

एलादिया : बसते... अहो! अहो, खांब आत येतायत!

सेबेरो : ऊठ! माझा हात धर!

(दोन्ही खांब एकमेकांवर कलंडले आहेत. झोळी मातीत लोळते आहे. सेबेरोला बायकोकडं बघवत नाही.)

सेबेरो : चाळीस वर्षं गावाची छपरं उभी केली मी. आणि दोन खांब उभे राहीनात.

एलादिया : लागलं नाही मला. बसा जरा.

सेबेरो : भिंतीतल्या आकड्याला बांधायची सवय. ओढ सगळी भिंत घेते. इथं ती कोण घेणार, हे डोक्यातच आलं नाही. खालून लांब दांडी टाकतो, दोन्ही खांबांना एकमेकांपासून लांब धरेल.

एलादिया : एवढी दांडी मेरिदा शहराच्या बसमध्ये मावेल?

सेबेरो : मधोमध कापतो. जोडावर लोखंडी नळी, दोन बोल्ट. हवी तेव्हा जोडा, हवी तेव्हा सोडा.

एलादिया : नेइदी म्हणते, आई, माझ्याकडं राहायला ये, तुझ्यासाठी पलंग आणलाय.

सेबेरो : लेक शहरात जाऊन शहाणी झाली. इस्पितळाच्या पलंगावर तीन रात्री तू छताकडं बघत काढल्यास. ती नव्हती तिथं, मी होतो.

एलादिया : तिच्या भिंतीत आकडा नाहीच बसणार?

सेबेरो : पुठ्ठ्याची भिंत ती. मागल्या महिन्यात मारला, तर भिंतीसकट हातात आला. घरमालकीण अजून शिव्या देत असेल.

एलादिया : ते रक्त गाळायचं मशीन... आठवड्यातून तीनदा, पण किती महिने? विचारलंत डॉक्टरला?

सेबेरो : विचारलं.

एलादिया : मग?

सेबेरो : म्हणाला, चालू ठेवायचं.

एलादिया : म्हणजे कायमचं.

सेबेरो : हे टोक धर. जड वाटलं तर सोड.

एलादिया : एवढी नाही अजून मोडले. झोळी लहान काढलीत? एका माणसाची?

सेबेरो : तू एकटीच निजणार ना. फुलोऱ्याचे दिवस आहेत, माझ्या मधमाश्यांकडं कोण बघेल?

एलादिया : मी कुठं म्हटलं, या म्हणून?

सेबेरो : तू कधी म्हणतेस? नेइदीच्या वेळी कळा सुरू झाल्या, तरी म्हणालीस, जा, मध काढून या.

एलादिया : आलात तोवर ती दूध पीत होती.

सेबेरो : अजून सलतं मला ते. हं, झाली. बस आता. तिरकी पड, रोजच्यासारखी. पाय मोकळे राहतात?

एलादिया : राहतात.

सेबेरो : हल बघू. करकरते का?

एलादिया : नाही. एकदम पक्की झाली.

सेबेरो : मग डोळे का पुसतेस? दोरी टोचते?

एलादिया : नाही हो. मला त्या मशीनची भीती वाटते. तुम्ही चला माझ्याबरोबर.