आई काय करते?

शेवगावच्या स्टँडवर प्रणिता नगरच्या एस.टी.ची वाट बघत बसली होती. उद्यापासून तिला झेडपीच्या शाळेत पहिल्यांदाच इंग्रजी शिकवायचं होतं, आणि आपल्याला ते जमेल का, याची तिला खात्री वाटत नव्हती. शेजारी दोघी जावा बोलत होत्या.

“रेश्मा, ज्ञानेश्वर तुमच्या पोरीला, संस्कृतीला, इंग्लिश मीडियमला घालनार हुता ना?”

“हुते, अक्का. पन परवा तिच्या झेडपीच्या शाळंतल्या बाईंनी आमाला बोलावलं. वर्गातल्या टीव्हीवर जपानची पोरं!”

“जपानची?”

“व्हय. बाईंनी मोबाईलवरनं व्हिडिओ कॉल लावलेला. त्यांचं बी इंग्रजी आपल्या पोरांवानीच कच्चं. दोन्हीकडची अडखळत्यात, हसत्यात, पुन्यांदा बोलत्यात.”

“आन् आपली संस्कृती?”

“पाव्हन्यांम्होरं तोंड उघडत न्हाई, तिथं म्होरं जाऊन उभी! तिकडच्या पोरीनं इचारलं, तुझी आई काय करते?”

“काय म्हनली?”

“माय मदर इज फार्मर.”

“म्हंजी?”

“शेतकरी.”

“तुला म्हनली?”

“मला. मलाच कुनी इचारलं तर मी म्हनायची, काय न्हाई, घरीच असते.”

“मंग बापाला काय म्हनली?”

“ही हेल्प्स माय मदर. म्हंजी, ते माझ्या आईला मदत करत्यात.”

“अगं बया! ज्ञानेश्वरला कळलं का?”

“बाईंनी मराठीत सांगितलं. लई हसले. घरी येताना म्हनले, ऱ्हाऊ दे पोरीला हितंच.”

नगरची एस.टी. लागली. प्रणितानं पिशवी उचलली, पण ती गाडीकडं न जाता रेश्माकडं वळली.

“ताई, तुमच्या बाईंचा नंबर द्याल मला?”