एका पानातला मुळा

नाव मनकर्णा, जौजे मयत नत्थुजी, जात कुणबी, वय अदमासे चाळीस, धंदा चरख्यावर कापसाची सरकी काढणे, राहणार अमरावती. तारीख ९ जानेवारी १८६४. ठाण्यात स्वतः चालत येऊन, कोणी न बोलावता, जबाब देते की,

मी कापसाच्या आवारात तीन हिवाळे कामाला आहे. विलायतेत कापसाला भाव आल्यापासून दिवस उगवायच्या आत घंटा होते. आगीच्या धाकाने आवारात चूल, चिलीम काही चालत नाही, म्हणून दुपारी आम्ही सगळे थंडच खातो. परवा दुपारच्या सुट्टीत कापसाची गंजी पेटली. गठ्ठे बांधणारा उस्मान वल्द रहमतुल्ला याला त्यावरून धरले आहे. तो गंजीमागे चिलीम ओढत होता, असे मुनीम खुशालराव सांगतात. तो तेथे नव्हता. सुट्टीची घंटा झाल्यापासून आगीचा ओरडा होईपर्यंत तो विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली माझ्यासोबत होता.

माझ्या शिदोरीत भाकर आणि कोशिंबीर असते. भिजवलेली मुगाची डाळ, हरभऱ्याचा कोवळा पाला, हिरवी मिरची. मीठ वेगळ्या पुडीत बांधते, कारण आधी घातले तर पाणी सुटून दुपारपर्यंत सगळे लिबलिबीत होते. मुळा आणि कांद्याची पात सईदाच्या परसातली. सईदा ही उस्मानची बायको.

नवरा वारल्यावर मी कामाला लागले तेव्हा कोरडी भाकर पाण्याशी खात असे. उस्मानने ते घरी सांगितले असावे. दुसऱ्या दिवशी सईदा मुळे घेऊन फाटकाशी उभी. म्हणाली, "बाई, हे कच्चं हाय, तुमाले चालते. शिजवलेलं आणत नाही, तुमाले उगाच नाही म्हणा लागन." मी तिला काहीच बोलले नव्हते. माझी अडचण तिने आपणहून ओळखली आणि मला लाजवलेही नाही. तेव्हापासून तिच्या मुळ्याचा एक दिवस खाडा नाही. सख्खी बहीण करणार नाही एवढे तिने केले, हे लिहून घ्यावे.

परवा घाईत माझी मिठाची पुडी घरी राहिली. उस्मानने त्याच्याजवळचे मीठ काढले, मुळा चिरला आणि पळसाच्या पानावर सगळे कालवले. आम्ही दोघे त्या एकाच पानात जेवलो. त्याच्या हातचे मी प्रथमच खाल्ले. चांगले झाले होते. तो म्हणाला, "बाई, तुमच्या मिरचीनं एखांद्या दिवशी गंजी पेटन." हे गमतीने म्हटले, याचा पुरावा कोणी करू नये. तेवढ्यात ओरडा झाला. तो हातातला घास टाकून पळाला आणि संध्याकाळपर्यंत विहिरीचे पाणी ओढत होता. चिलमीने गंजी पेटली तेव्हा त्याचे हात भाजले, असे मुनीम म्हणतात. ते हात विहिरीच्या दोराने सोलवटले आहेत. जमादारसाहेबांनी पाहावेत.

माझे दीर उत्तमराव यांनी मला वाटेत समजावले. "'तो दूर बसला होता, मी पायलं नाही,' एवढंच सांग. नाहीतर जमुनाची अकोल्याची सोयरीक मोडन." जमुना माझी एकुलती मुलगी. फाल्गुनात लग्न आहे. सोयरीक राहावी म्हणून मी रोज देवापुढे हात जोडते. पण दूर बसलेला माणूस मधेच उठून गेला असेल, असे कोणीही म्हणेल. एका पानात जेवणारा उठला तर कळते. उस्मान उठला नाही.

कारकुनांनी आधी 'शेजारी बसून' लिहिले होते. ते मी खोडायला लावून 'एकाच पानात' करून घेतले. मग त्यांनी सगळा जबाब मोठ्याने वाचला. बाहेर ओट्यावर उत्तमराव बसले आहेत म्हणून वाचण्याआधी कारकून दार लोटायला उठले होते. मी दार उघडेच ठेवायला सांगितले. जबाब ऐकला, मी बोलले तसाच आहे.

निशाणी डावा अंगठा, मनकर्णा.